पडीक जमिनीचं फूल

निवृत्त बँक अधिकाऱ्याला अमेरिकेत मुलीकडे गेल्यावर काय काय कामं असतात, हे ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांना सांगायला नको. सकाळी भांडी घासायच्या यंत्रातून भांडी काढायची, दुपारी नातीला शाळेतून आणायचं आणि पुण्याहून फोन आलाच तर "सगळं कसं स्वच्छ आहे हो" असं म्हणायचं. शनिवार-रविवारी मात्र आपल्याला 'दाखवायला' नेतात. गेल्या खेपेस आमची मुलगी आम्हाला घेऊन गेली ती एक चिखल दाखवायला.

चिखलच तो. सॅन डिएगो शहराच्या दक्षिणेला, अगदी मेक्सिकोच्या सरहद्दीला टेकून इम्पिरिअल बीच नावाचं गाव आहे. तिथं तिहुआना नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या टेकडीवर मेक्सिकोतलं बैलझुंजीचं गोल मैदान दिसतं आणि अलीकडे पसरलेलं असतं खाडीचं सपाट, करडं-हिरवं खाजण. चौथीतल्या नातीला शाळेत आपल्या भागातल्या एका रानफुलाची माहिती लिहून न्यायची होती. जूनचा पहिला आठवडा होता, ऊन कोवळं होतं. मी मनात म्हटलं, चला, फुलांचे ताटवे तरी बघायला मिळतील.

ताटवे कुठले! तिथं माहिती सांगायला एक वयस्कर बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. पायवाटेच्या कडेला, दोरीच्या पलीकडे त्यांनी बोट दाखवलं. मला आधी काही दिसलंच नाही. मग वितीएवढं एक राखाडी रोप दिसलं. अंगावर बारीक लव, मधूनच जांभळट झाक आणि टोकाशी मळकट पांढरी, मिटल्यासारखी फुलं. फूल उमललं आहे की सुकलं आहे, हेही कळू नये असं. बाई म्हणाल्या, याचा आकार पाखराच्या चोचीसारखा आहे, म्हणून याला 'सॉल्ट मार्श बर्ड्‌स बीक' म्हणतात. नात लगेच म्हणाली, "आजोबा, मराठीत काय?" आता या फुलाला मराठीत नाव असायचं कारणच नाही. मी म्हटलं, "चिमणचोच." तिनं वहीत लिहून घेतलं. चुकीचं असलं तर शास्त्रज्ञांनी मला क्षमा करावी. त्यांनी ठेवलेलं नाव 'क्लोरोपायरॉन मॅरिटिमम'. मुळात ते 'कॉर्डिलँथस' होतं आणि त्या मूळ नावाला थॉमस नट्टल या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव जोडलेलं आहे. हा नट्टल १८३६ साली सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर विजारी दुमडून शंख-शिंपले आणि झाडपाला गोळा करत हिंडत होता. रिचर्ड डेना या लेखकानं आपल्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात त्याची हकिकत दिली आहे. जहाजावरचे खलाशी नट्टलला 'ओल्ड क्यूरियस' म्हणत. चिखलात वाकून काहीतरी शोधणारा माणूस तेव्हाही लोकांना थोडा खुळाच वाटायचा.

त्या बाईंनी मग आम्हाला गुडघ्यावर बसवलं. जवळून पाहिल्यावर पानांवर साखरेसारखे बारीक कण चमकताना दिसले. ती साखर नव्हे, मीठ. खाऱ्या जमिनीतलं मीठ हे रोप पाण्याबरोबर आत घेतं आणि नको असलेलं पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतं. आणि याची मुळं? ती शेजारच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्याकडून पाणी आणि क्षार ओढून घेतात. पानं हिरवी आहेत, तेव्हा उन्हात आपलं अन्न ते स्वतः करतंच. पण वरखर्चाला शेजाऱ्याचा आधार लागतो.

हे ऐकल्यावर मला एकदम मंगळवेढा आठवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी तिथं होतो. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या भागाला. तिथले शेतकरी ज्वारीत येणाऱ्या टारफुल्याच्या नावानं बोटं मोडायचे. दिसायला नाजूक फूल, पण ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं सत्त्व शोषून घेणारं. हे चिमणचोचीचं रोप त्याच टारफुल्याच्या कुळातलं निघालं. टारफुला पिकावर येतो म्हणून आपण त्याला शत्रू म्हणतो. चिमणचोच मात्र रानगवतावर आणि खाजणातल्या मांसल झुडपांवर येते आणि त्यांचा अतिरेकी जोर थोडा कमी करते. अशा रोपांच्या आसपास इतर लहानसहान झाडांना जागा मिळते, खाजणात विविधता वाढते, असं अभ्यासात दिसलेलं आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हा असा कर्जदार आहे, की ज्याच्यामुळे मोठ्या ठेवीदाराची मक्तेदारी कमी होते आणि बाजार चालता राहतो.

पण या कर्जदाराचा हिशोब मोठा अवघड. ही वर्षायू वनस्पती आहे. म्हणजे दरवर्षी खातं शून्यावर आणायचं आणि पुन्हा उघडायचं. हिवाळ्यात तिकडं पाऊस पडतो. त्यानं वरच्या मातीतलं मीठ धुतलं जातं, तेव्हा बी रुजतं. मे महिन्यापासून फुलं येतात, शरद ऋतूपर्यंत बी तयार होतं आणि रोप मरतं. कंद नाही, खोड नाही, मागे ठेवायला काही नाही. जे काही आहे ते बी. ते पाण्यावर तरंगतं आणि भरतीबरोबर जिथं जाऊन लागेल तिथं लागतं. जागाही नेमकी हवी. रोज दोनदा भरती येते तिथं हे जगत नाही आणि अगदी कोरड्या जमिनीवरही नाही. फक्त मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर पोचतं, ती वरची पट्टी याची. शिवाय शेजारी फार दाट असून चालत नाहीत. कोवळ्या रोपाला ऊन लागतं. परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांपैकी कित्येक जमिनीत एकेकटं बीळ करून राहणाऱ्या. त्यांना खाजणाच्या बाहेरची कोरडी, मोकळी माती लागते. म्हणजे खाडी वाचवली आणि काठापर्यंत इमारती बांधल्या, तर फूल राहील पण माशी राहणार नाही. माशी नसली की बी नाही आणि बी नाही म्हणजे पुढचं वर्षच नाही.

एखादं वर्ष असं वाईट गेलं तर काय होतं, याचा दाखला त्याच खाडीनं दिलेला आहे. १९८४ साली तिहुआना खाडीचं मुख वाळूनं बुजलं आणि सुमारे आठ महिने समुद्राचं पाणी आत येणं बंद झालं. खाजण तडकलं, मिठानं भरलं. बारमाही झाडांनी कशीबशी तग धरली. पण तिथं मांसल हिरव्या कांड्यांची एक वर्षायू वनस्पती होती, ती या खाडीतून नाहीशीच झाली. बारमाही झाडाला एक वाईट वर्ष म्हणजे आजारपण. वर्षायूला ते एकच वर्ष असतं.

मुळात हे खाजण राहिलं हेच नशीब म्हणायचं. १९७० च्या दशकात इथं खोदकाम करून श्रीमंतांच्या नौकांसाठी बंदर आणि घरं बांधायचा घाट होता. गावातले एक पशुवैद्य माइक मकॉय आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन वर्षानुवर्षं झगडून तो बेत हाणून पाडला. १९८० मध्ये हे अभयारण्य झालं. कॅलिफोर्नियानं आपल्या मूळ पाणथळ जागांपैकी सुमारे ९० टक्के गमावल्यावरची ही गोष्ट. सगळं आलबेल झालं असंही नाही. सरहद्दीपलीकडच्या शहराचं सांडपाणी नदीतून येतं. वारा फिरला की वास नाकात बसतो आणि तिथला किनारा दीर्घकाळ पोहण्यासाठी बंद ठेवावा लागला आहे. त्यातून हे फूल येतं.

आता मला ज्या गोष्टीनं झोप लागू दिली नाही ती सांगतो. १९७८ साली अमेरिकी सरकारनं या फुलाला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. लागलीच परीक्षेची वेळ आली. तिहुआनाच्या थोडं उत्तरेला स्वीटवॉटर नदीची खाडी आहे. तिथं महामार्गाचं रुंदीकरण आणि पूरनियंत्रणाचा कालवा असं मोठं काम निघालं. पर्यावरणवाद्यांनी सरकारला कोर्टात खेचलं. सैन्याच्या अभियंत्यांचं काम, म्हणून प्रतिवादी होते सैन्य खात्याचे सचिव जॉन मार्श. आता 'मार्श' म्हणजे इंग्रजीत दलदल. तेव्हा दलदल वाचवण्याचा हा खटला 'मार्श'च्याच विरुद्ध म्हणून नोंदला गेला! १९८७ मध्ये अपील न्यायालयानं सरकारला फटकारलं आणि १९८८ मध्ये तडजोडीतून स्वीटवॉटरची खाडी अभयारण्य म्हणून राखली गेली. जे खाजण नष्ट होणार त्याच्या बदल्यात नवं खाजण तयार करून द्यायचं, असंही ठरलं.

तारणाच्या बदल्यात तारण. आम्ही बँकवाले हे रोज करतो. एक प्लॉट सोडवला की दुसरा लिहून घ्यायचा. मूल्यांकन बरोबर असलं म्हणजे झालं.

तिथं तसं झालं नाही. यंत्रं आणून जमीन कोरली, पाणी खेळवलं, उंच गवत लावलं. सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या जॉय झेडलर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं मोजमापं घेत राहिले. गवत उगवलं, पण हवं तेवढं उंच होईना. उपसून टाकलेल्या वाळूची ती जमीन, तिच्यात नत्र टिकत नव्हता. खत घातलं की गवत वाढायचं, खत थांबलं की पुन्हा खुजं. आणि ज्या दुर्मीळ पाणकोंबडीसाठी हे सगळं चाललं होतं, तिला घरटं बांधायला उंच गवतच लागतं, कारण भरतीच्या पाण्यावर तरंगणारं घरटं ती गवताच्या आडोशानं बांधते. ती तिथं घरटं करायला आलीच नाही.

चिमणचोचीची गोष्ट निराळी. ती स्वीटवॉटरमधून नाहीशी झाली होती. १९९० च्या सुमारास तिहुआनाचं बी आणून ते नव्या नव्हे, तर तिथल्या उरलेल्या जुन्या, अस्सल खाजणात पेरलं. तिथं ती रुजली, फुलली. तरी काही ठिकाणी बी कमी धरत होतं, कारण परागीभवन पुरेसं होत नव्हतं. म्हणजे तीच जमिनीतल्या माशीची गोष्ट. फूल पेरता येतं, पण त्याचं गणगोत पेरता येत नाही.

बाई बोलता बोलता एक वाक्य सहज म्हणून गेल्या. म्हणाल्या, "इथल्या कागदपत्रांत पूर्वी या जागेला सरसकट पडीकच म्हणायचे." नात फुलाचं चित्र काढत होती. मी दोरीला धरून उभा होतो, आणि मला ३० वर्षांपूर्वीची एक फाइल दिसत होती.

१९९३ साली मी कोकणातल्या एका खाडीकाठच्या शाखेत अधिकारी होतो. तेव्हा कोळंबी संवर्धनाचं वारं होतं. निर्यात, परकीय चलन, एका हंगामात पैसे दुप्पट. एका गृहस्थांचा प्रस्ताव आला. बारा हेक्टर खाजण, त्यात बांध घालून तळी करायची. मी जागेची पाहणी करायला गेलो. ओहोटी होती. खालच्या अंगाला तिवरांची रांग आणि वरच्या अंगाला नुसतं सपाट, तडकलेलं, पांढरं मैदान. त्यावर बोटभर उंचीचं मांसल, लालसर-हिरवं काहीतरी पसरलेलं. एक म्हातारी ओणवी होऊन ते खुडून ओच्यात टाकत होती. मी अहवालाच्या तक्त्यात 'जमिनीचा प्रकार' या रकान्यासमोर लिहीत होतो आणि सवयीनं मोठ्यानं उच्चारत होतो : "पडीक, खारट, अनुत्पादक."

म्हातारीनं मान वर केली. "ओ साहेब," ती म्हणाली, "पडीक कशी? आम्ही रोज येतो ना इथं!"

मी हसलो असेन. नक्की आठवत नाही. तिच्या वाक्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, एवढं खरं. किनाऱ्याच्या नियमनाची अधिसूचना १९९१ मध्ये निघालेली होती, पण तिचा कागद आमच्याकडे कुणी मागितला नाही, मीही मागितला नाही. कर्ज मंजूर झालं. पहिलं पीक चांगलं आलं, शाखेत पेढे वाटले गेले. पुढं पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू देशभरच्या तळ्यांत शिरला आणि आमच्या तळ्यांतली कोळंबीही दोन-चार दिवसांत मरून तरंगली. मग ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि नियमन क्षेत्रातली असली तळी बंद करण्याचा आदेश झाला. खातं थकलं. तोवर बँकांत नवी वर्गवारी लागू झाली होती. माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यानं त्या खात्यावर शिक्का मारला : अनुत्पादक मालमत्ता.

जो शब्द मी जमिनीसाठी वापरला होता तोच फिरून माझ्या कर्जाला येऊन चिकटला. त्या काळी मला त्यात विनोद दिसला होता. मित्रांत तो किस्सा मी पुष्कळदा सांगितला आहे, पिकवला आहे. म्हातारीचं वाक्य मात्र त्या किश्श्यात मी कधी घेतलं नव्हतं. ते मला तिहुआनाच्या खाजणात, सात समुद्रांपलीकडे आठवलं.

परत आल्यावर आधी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन या ना. इथं बसून काय होणार?" गेलो. एस. टी. बदलत, शेवटी रिक्षानं. गाव ओळखू येईना, खाडी आली. कोळंबीच्या तळ्यांचे बांध जागोजागी फुटलेले. फुटलेल्या जागांतून भरतीचं पाणी आत शिरून तिवरं मात्र दाट वाढली होती. तिवरांना आता कायद्याचा चांगला आधार आहे. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ती तोडायला बंदी केली, सरकारचा स्वतंत्र कक्षही आहे. पांढऱ्या चिप्पीला तर २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. चांगलंच झालं. पण तिवरांच्या मागची, उधाणाच्या पाण्याची ती मोकळी पट्टी अजूनही कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत खारट दलदलींचं नाव संवेदनशील जागांत आलेलं आहे. लोकांच्या बोलण्यात ती अजून पडीकच आहे. त्या गावातही तिच्यावर आता डेब्रिजचे ढीग पडले होते. एका कडेला क्रिकेटचं मैदान झालं होतं.

त्या म्हातारीचं नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. विचारणार कुणाला? बंदरावर मासळीच्या टोपल्यांशेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती. तिच्यापुढे हिरव्या भाजीच्या दोन जुड्या. जाडसर, पाणीदार, सुईसारखी पानं. मी विचारलं, "काय हे?"

"मोरस."

"या खाजणातली?"

"आता इथं कुठं? पलीकडच्या काठाला मिळते थोडी. पूर्वी इथंच ढीग असायचा. आमची सासू रोज आणायची."

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. सासू दिसायला कशी होती, कधी गेली, एका बँकवाल्याची गोष्ट घरी कधी सांगितली होती का? विचारला नाही. खाडीकाठच्या कुठल्याही बाईची सासू मोरस आणायला जातच असणार. ती तीच असेल असं मानणं मला सोयीचं होतं, इतकंच. बाईनं माझ्या पायांतले बूट, खांद्यावरची पिशवी पाहिली आणि विचारलं, "मोजणीला आलात का?"

"नाही," मी म्हटलं. "भाजी घ्यायला."

दोन्ही जुड्या घेतल्या. ती म्हणाली, दोन पाण्यांत धुवा, उकडा, ते पाणी टाकून द्या, मग वालांबरोबर करा. नाहीतर तोंडात धरवणार नाही. नातीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "फोटो पाठवा, आजोबा. हिला फूल येतं?" येतं, पण दिसत नाही, इतकं बारीक. तिनं विचारलं, "चिमणचोचीपेक्षा बारीक?" मी म्हटलं, पुष्कळ बारीक. यावर ती थोडा वेळ गप्प झाली.

रात्री पानावर मोरसाची भाजी आली. पहिला घास घेतला. आंबूस नाही, कडू नाही, मागून जिभेवर येणारा समुद्राचा हलका खारटपणा. मी म्हटलं, "मीठ बेताचं पडलंय."

"मी घातलंच नाही," बायको म्हणाली. "ते तिचं तिनं आणलंय."